आरसा उठतो तेव्हा

मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राचे नाव 'दर्पण' होते, ही माहिती आपण पत्रकारितेच्या इतिहासात देतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ते सुरू केले. समाजासमोर आरसा धरावा आणि त्यात त्याने आपले रूप न्याहाळावे, ही त्या नावातली कल्पना पुढे साहित्यविचारातही रुजली. 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य आज उत्तरपत्रिकांतून इतक्या सवयीने येते की ते लिहिणाऱ्यालाही आणि तपासणाऱ्यालाही आरसा म्हणजे नेमके काय, असा प्रश्न पडत नाही.

'दर्पण' सुरू झाले त्यानंतर सात वर्षांनी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये दागेरचे तंत्र जाहीर झाले. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा लख्ख घासायचा, त्याला प्रकाशाची जाणीव देणारी रासायनिक प्रक्रिया करायची आणि कॅमेऱ्यात ठेवायचा, असे ते तंत्र होते. म्हणजे जगाला ठाऊक झालेले पहिले छायाचित्र अक्षरशः आरशावर उमटले होते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी या नव्या कलेकडे कुतूहलाने पाहणाऱ्यांपैकी होते. आपल्या भाषेने तिला 'छायाचित्रण' म्हटले. प्रकाशाने काढलेल्या चित्राला आपण छायेचे नाव दिले, हेही विचार करण्यासारखे आहे. 'प्रकाशचित्र' हा शब्द तयार असूनही तो मागेच राहिला.

प्रस्तुत लेख कॅमेऱ्यातल्या आरशाचा आहे. हा आरसा कॅमेऱ्यात कसा आला, किती काळ टिकला, आणि गेल्या पंधरा-सतरा वर्षांत तो कसा बाहेर पडला, हा इतिहास आम्हांला येथे थोडक्यात मांडायचा आहे. साहित्याच्या अध्यापकांनी या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की आरशाचे रूपक आपण इतकी वर्षे वापरत आलो. ज्या यंत्रात आरसा प्रत्यक्ष काम करीत होता, त्या यंत्राने त्याला का रजा दिली, हे समजून घेणे आपल्या कामाचे आहे.

१

निमित्त अगदी व्यावहारिक घडले. आमच्या मराठी विभागाकडे एक डीएसएलआर कॅमेरा आहे. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांच्या मुलाखती, आसपासच्या गावांतले शिलालेख आणि हस्तलिखिते यांचे फोटो विद्यार्थी त्यावर काढतात. कॅमेरा जुना झाला. तो बदलताना पुन्हा डीएसएलआर घ्यावा की मिररलेस, असा प्रश्न विभागाच्या बैठकीत आला, आणि पाच मिनिटांत उरकेल असे वाटलेली चर्चा बराच वेळ चालली.

एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आरशाच्या कॅमेऱ्यात मी डोळा लावतो तेव्हा समोरची वस्तूच पाहतो. या नव्यात मी एक छोटा टीव्ही पाहणार. मग तिथे जाऊन मी काय पाहिले?" दुसऱ्या सहकारी बाईंचे म्हणणे असे, की फोटोत काय येणार आहे ते आधीच दिसत असेल, तर विद्यार्थ्यांचे निम्मे श्रम वाचतील. दोघांचेही म्हणणे आम्हांला खरे वाटले. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, याचा शोध घेताना आम्ही कॅमेऱ्याच्या इतिहासात शिरलो.

२

कॅमेऱ्याचा इतिहास सहसा लेन्सचा, फिल्मचा किंवा सेन्सरचा म्हणून सांगितला जातो. तो पाहण्याचा इतिहास म्हणूनही सांगता येतो. छायाचित्रकाराला फोटो काढण्यापूर्वी काय दिसते आणि फोटो निघत असताना काय दिसते, हे दोन प्रश्न प्रत्येक काळातल्या कॅमेऱ्याला विचारून पाहावेत.

तिपाईवरच्या जुन्या लाकडी कॅमेऱ्यात मागच्या बाजूला घासलेली, अर्धपारदर्शक काच असे. काळ्या कापडात डोके घालून छायाचित्रकार त्या काचेवर पडलेली प्रतिमा पाही. ती लेन्समधून आलेली, म्हणजे खरी, परंतु उलटी. माणसे डोक्यावर उभी, आकाश तळाशी. फोकस जुळला की लेन्स झाकायची, काचेच्या जागी प्लेट बसवायची आणि मग झाकण काढायचे. प्लेटवर प्रकाश पडत असताना त्या काचेवर छायाचित्रकाराला काहीच दिसत नसे.

१९२५ साली बाजारात आलेल्या लायकाने कॅमेरा हातात मावेल एवढा केला. त्यात पाहण्यासाठी लेन्सपासून वेगळी अशी एक छोटी खिडकी होती. फोटो निघतानाही तीतून दिसत राही. मात्र दिसे ते शेजारच्या खिडकीतून. जवळच्या वस्तूंच्या बाबतीत डोळ्याला दिसलेली चौकट आणि फिल्मवर उमटलेली चौकट यांत फरक पडे. साक्षीदार जागा होता, पण उभा होता शेजारच्या दारात.

आरशाची कल्पना याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये थॉमस सटन यांनी १८६१ सालीच अशा कॅमेऱ्याचे पेटंट घेतले होते. लेन्सच्या मागे पंचेचाळीस अंशांत एक आरसा; तो प्रकाश वरच्या काचेकडे वळवतो; फोटो काढताना आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सरळ मागे जातो. एकाच लेन्सने पाहायचे आणि तिनेच फोटो घ्यायचा, हा तिचा लाभ. ३५ मिलिमीटर फिल्मवर ही रचना लोकांच्या हाती आली ती १९३६ च्या 'किने एक्झाक्टा'ने. परंतु वरून वाकून पाहावे लागे आणि दृश्याची डावी-उजवी बाजू आरशात असते तशी उलटलेली असे. १९४९ च्या 'कॉन्टॅक्स एस'मध्ये पंचकोनी लोलक आला आणि कॅमेरा डोळ्याशी धरून सुलट दृश्य दिसू लागले. तरीही वर गेलेला आरसा पुढची फिल्म ओढेपर्यंत वरच राही आणि डोळ्यापुढे अंधार असे. १९५४ च्या 'असाहीफ्लेक्स'मध्ये आरसा क्षणात परत खाली येऊ लागला. १९५९ च्या 'निकॉन एफ'ने ही सारी सुधारणा एका भक्कम यंत्रात एकत्र आणली, आणि पुढची जवळजवळ अर्धशतकभर गंभीर छायाचित्रण म्हणजे आरशाचा कॅमेरा असे समीकरण झाले.

या समीकरणात एक गंमत दडलेली आहे, आणि आमच्या मते या लेखाचा सारा भार तिच्यावरच आहे. आरसा खाली असतो तेव्हा डोळ्याला दिसते, पण फोटो निघत नाही. फोटो निघावा म्हणून आरसा उठतो, आणि तो उठला की डोळ्यापुढे अंधार होतो. पापणी लवावी इतकाच हा अंधार. परंतु नेमका तोच क्षण फोटोत येतो. असा उठणारा आरसा असलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्राविषयी असे म्हणावे लागते, की छायाचित्रकाराने व्ह्यूफाइंडरमधून त्याच्या आधीचा क्षण पाहिला, नंतरचा पाहिला. फोटोतला क्षण तेवढा पाहिला नाही. आरशात दिसलेले कधीही फोटोत आलेले नाही.

३

फिल्म गेली आणि सेन्सर आला तेव्हा आरशाची गरज तत्त्वतः संपली होती. सेन्सरला जे दिसते ते पडद्यावर दाखवता येते. मग प्रकाश वळवायचा कशासाठी? पण यंत्रे तत्त्वाने बदलत नाहीत. १९९१ साली कोडॅकने जो व्यावसायिक डिजिटल कॅमेरा आणला, तो निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्याच्याच देहावर बांधलेला होता. १९९९ चा निकॉन डी १ आणि २००३ चा, तुलनेने परवडणारा कॅनन ईओएस ३०० डी यांनी आरसा तसाच ठेवला. सेन्सर तोवर सतत चालू राहून स्वच्छ, वेगवान दृश्य देण्याइतके समर्थ नव्हते, छोटे पडदे धूसर होते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांकडे लेन्स होत्या. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासून चालत आलेले. ज्याने लेन्समध्ये पैसा घातला, तो पुढचा कॅमेरा त्याच घराण्याचा घेणार, हे उघड होते.

२००८ हे वर्ष या इतिहासात सांध्याचे आहे. त्या वर्षी ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स ही नवी मांडणी जाहीर केली आणि पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी १ आला. त्यात आरसा नव्हता. डोळ्यापुढे इलेक्ट्रॉनिक पडदा होता. त्याच वर्षी निकॉन डी ९० आणि कॅनन ५ डी मार्क २ या आरशाच्या कॅमेऱ्यांत चित्रफीत घेण्याची सोय आली. चित्रफीत चालू असताना आरसा वर उचललेलाच राहतो आणि मागच्या पडद्यावर पाहावे लागते. म्हणजे आरशाचे कॅमेरेही दिवसातला काही वेळ बिनआरशाने जगू लागले होते.

पुढचे टप्पे वेगाने आले. २०१३ साली सोनीचे ए ७ मालिकेतले पहिले कॅमेरे ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराचा सेन्सर घेऊन आले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये निकॉनने झेड ६ व झेड ७ आणि सप्टेंबरमध्ये कॅननने ईओएस आर जाहीर केला, तेव्हा दोन जुनी घराणी एकदमच नव्या वाटेला लागली. २०२० च्या जुलैमध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीची साधने निवडली. त्याच वर्षी जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीत मिररलेस कॅमेऱ्यांनी पाठवणीत डीएसएलआरला मागे टाकले. २०२१ च्या निकॉन झेड ९ मध्ये तर आरशापाठोपाठ यांत्रिक शटरही गेले. 'दर्पण'च्या व्यवसायातून दर्पण उठला, असे म्हणायला हरकत नाही.

आरसा गेल्याने कॅमेऱ्याचा देह बदलला. आरशाला फिरायला जागा हवी म्हणून लेन्स सेन्सरपासून दूर ठेवावी लागे; निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होते, झेडमध्ये ते १६ मिलिमीटर झाले. कॅननचे ४४ वरून २० वर आले. रुंद कोनाच्या लेन्सना पूर्वी आरसा चुकवण्यासाठी खास कसरत करावी लागे; ती कमी झाली. फोकस मोजण्यासाठी आरशाखाली वेगळा सेन्सर असे, त्याची आणि मुख्य सेन्सरची जुळणी किंचित चुकली की फोटो हलकेच धूसर होई; आता मुख्य सेन्सरच फोकस मोजतो.

आणि नाव? 'मिररलेस' हे नाव अभावावरून पडलेले आहे. ज्याला आपले नाव अजून सापडलेले नाही, त्याला गेलेल्या वस्तूच्या नावाने ओळखतात. 'बिनतारी संदेश' असाच आला. कवी अनिलांच्या काळी मुक्तच्छंदालाही प्रथम छंदाच्या संदर्भातच स्वतःला समजावून सांगावे लागले होते. काही पिढ्यांनी तारही विस्मरणात जाते आणि 'बिन'ही.

४

आता सोलापूर. यंत्राचा गुण कागदावरच्या आकड्यांत कळत नाही. तो ठिकाणावर, उजेडावर आणि विषयावर ठरतो. म्हणून दोन्ही प्रकारचे कॅमेरे आमच्या परिसरातल्या तीन विषयांसमोर ठेवून पाहू.

पहिला विषय गड्ड्याची यात्रा. जानेवारीतल्या मकरसंक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात आणि हजारो भक्त पांढऱ्या बाराबंदीत असतात. दुपारच्या उन्हात एवढे पांढरे एकत्र आले की कॅमेऱ्याचे प्रकाशमापक फसते. समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे असणार, असे ते गृहीत धरते आणि पांढऱ्याला राखाडी करून टाकते. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला मात्र बाराबंदी शुभ्रच दिसत असते, कारण डोळा प्रत्यक्ष प्रकाश पाहत असतो. घोटाळा कळतो तो फोटो पाहिल्यावर, आणि तोवर अक्षता पडून गेलेल्या असतात. मिररलेसमध्ये ही राखाडी छटा आधीच दिसते व तेथल्या तेथे सुधारता येते. आरसा खरे दाखवत होता. होणाऱ्या फोटोविषयी मात्र तो काही बोलत नव्हता.

दुसरा विषय यंत्रमाग. २००५ च्या सुमारास भौगोलिक निर्देशांक मिळालेली सोलापुरी चादर ज्या कारखान्यांत विणली जाते, तेथे उजेड ट्यूबचा आणि गती धोट्याची. यांत्रिक शटर न वापरता निव्वळ इलेक्ट्रॉनिक शटरने फोटो घेतला, तर बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतात. परिणामी विजेच्या दिव्यांच्या लुकलुकण्याचे आडवे पट्टे चित्रात येऊ शकतात आणि वेगाने सरकणारा सरळ भाग तिरपा उमटू शकतो. अशा ठिकाणी जुना डीएसएलआर, आणि यांत्रिक शटर असलेला मिररलेसही, अधिक विश्वासाचा. ज्यांनी कधी माग पाहिला नाही, त्यांनी तो तिरपा भाग खरा मानला तर दोष कोणाचा? म्हणजे नव्या कॅमेऱ्यातही दिसणारे आणि असणारे यांत अंतर आहेच. फक्त त्याची जागा बदलली.

तिसरा विषय आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. सोलापूरहून बार्शीकडे जाताना साधारण वीस किलोमीटरवर नान्नज आहे. तेथल्या गवताळ माळावर १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. मीटरभर उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत वजनदार असा हा पक्षी. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. विणीच्या काळात नर गळ्याखालची पिशवी फुगवतो आणि खोल घुमारा काढतो, तो दूरवर ऐकू जातो. २०११ साली आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त ठरला. नान्नजच्या माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत. माळढोकाचे दर्शन मात्र दुर्मीळ झाले आहे.

अशा पक्ष्यासमोर आरशाचा आवाज हा तांत्रिक तपशील राहत नाही. आरसा आपटण्याचा 'खट्' आवाज लग्नमंडपात कोणाच्या लक्षातही येत नाही. माळावरच्या शांततेत तो दूर जातो. मिररलेसचे इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण निःशब्द असू शकते. २०२० नंतरचे काही कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात. आणखी एक सोय आहे. २०१६ च्या ऑलिंपस ई-एम १ मार्क २ मध्ये बटण अर्धे दाबून ठेवले, की पूर्ण दाबण्यापूर्वीच्या चौदा चौकटीही कॅमेरा राखून ठेवी. पुढे इतरांनीही अशी सोय आणली. पक्षी उडाल्याचे पाहून बोट दाबले, तरी तो उडण्याच्या बेतात असतानाचा क्षण हाती लागतो.

येथे जरा थांबायला हवे. माणसाने ठरवण्यापूर्वीचा क्षण यंत्राने जपला, तर ते छायाचित्र कोणी काढले? आरशाच्या कॅमेऱ्यात निर्णय माणसाचा होता आणि क्षण त्याच्या डोळ्याआड होता. नव्यात क्षण डोळ्यासमोर आहे, पण निर्णय थोडा यंत्राकडे सरकला आहे.

५

स्थित्यंतराची किंमत मोजल्याशिवाय त्याचा इतिहास पुरा होत नाही. जुन्या लेन्स जोडण्यासाठी नव्या कॅमेऱ्यांना जोडकडे मिळते. परंतु निकॉनच्या ज्या जुन्या लेन्स कॅमेऱ्याच्या देहातल्या मोटारीवर फोकस करीत, त्या २०१८ च्या जोडकड्यावर हातानेच फिरवाव्या लागतात. सेन्सर आणि पडदा सतत चालू असल्याने वीज अधिक लागते. निकॉन डी ८५० ची बॅटरी प्रमाणित चाचणीत १८४० फोटो देई. झेड ७ साठी हाच आकडा ३३० होता. प्रत्यक्षात अधिक मिळतात आणि पुढच्या कॅमेऱ्यांत सुधारणाही झाली. तरी दिवसभराच्या यात्रेला निघताना जादा बॅटऱ्या घ्याव्याच लागतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो. सतत चालणाऱ्या सेन्सरला ती उष्णताही सोसावी लागते. लेन्स बदलताना पूर्वी आरसा आणि शटर सेन्सरच्या आड उभे असत. आता पुष्कळ कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा पडतो. काही कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटून घेतात, इतरांच्या बाबतीत आमच्याकडच्या धुळीला मोकळे रान.

याहून न दिसणारी एक हानी आहे. आरशाचे यंत्र डोळ्यांना वाचता येई. लेन्स काढून आत पाहिले की आरसा दिसे, तो उठे, पडे. प्रकाशाची वाट बोटाने दाखवता येई. १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या साथीने चलचित्रणाचा कॅमेरा स्वतः घडवला, तो एका यंत्राचा अभ्यास करून. यंत्र उघडले की त्याचा अर्थ कळतो, हा विश्वास त्या पिढीला होता. मिररलेस उघडले तर आत पाहण्यासारखे फार काही नाही. जे घडते ते सेन्सरवर आणि संगणकीय आज्ञावलीत. वर्गात 'कॅमेरा कसा चालतो' हे खडूने फळ्यावर काढून दाखवणे आता अवघड झाले आहे.

तरीही प्रवाह उलटा फिरणार नाही. पेंटॅक्ससारखे एखादे घराणे आजही डीएसएलआरशी निष्ठा राखून आहे आणि वापरलेले उत्तम डीएसएलआर स्वस्तात मिळतात. ज्यांच्यापाशी चांगल्या लेन्स आहेत, ज्यांचे विषय स्थिर आहेत, उदाहरणार्थ शिलालेख किंवा पोथ्या, त्यांनी केवळ नवे आले म्हणून जुने टाकावे, असे कारण आम्हांला दिसत नाही. ज्यांना माळावर किंवा कीर्तनात निःशब्द राहायचे आहे, त्यांनी जावे. आमच्या विभागाने शेवटी दोन्ही ठेवायचे ठरवले: जुना दुरुस्त करून शिलालेखांसाठी, आणि एक साधा मिररलेस फिरतीच्या कामासाठी.

६

आता त्या बैठकीतल्या दोन मतांकडे. आरशाच्या कॅमेऱ्यात मी वस्तूच पाहतो, हे ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. लेन्स, आरसा, लोलक यांतून वळत आलेला असला तरी तो तोच प्रकाश असतो, जो काही क्षणांपूर्वी माळढोकाच्या पिसांवरून निघाला. मिररलेसमध्ये डोळ्यापर्यंत येतो तो पडद्याचा प्रकाश. झेड ७ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये असे सुमारे ३६ लाख ९० हजार ठिपके आहेत. ते कितीही वाढले तरी तो सेन्सरने दिलेला वृत्तांतच. एकात प्रतिबिंब आहे, दुसऱ्यात प्रतिमा. समीक्षेत आपण हे दोन शब्द सैलपणे एकाऐवजी दुसरा असे वापरतो. कॅमेऱ्याने त्यांच्यातला भेद स्पष्ट करून दिला. प्रतिबिंबाला स्वतःचे मत नसते आणि स्मृतीही नसते. प्रतिमा कोणीतरी घडवलेली असते. तीत उजेड किती, रंग कोणता, हे कोणीतरी ठरवलेले असते.

आणि सहकारी बाईंचे म्हणणेही बरोबर आहे, कारण छायाचित्र नेहमी प्रतिमाच होते. आरसा त्याच्या निर्मितीत कधी नव्हताच. तो निर्मितीच्या क्षणी बाजूला होई. आरशातून पाहणारा प्रत्यक्षदर्शी होता, पण नेमक्या क्षणी आंधळा. पडद्यातून पाहणारा त्या क्षणी डोळस राहू शकतो, पण प्रत्यक्षदर्शी नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी हाती देणारा कॅमेरा विरळाच. आणि तसा लेखकही आम्हांला माहीत नाही.

येथे साहित्याच्या आरशाचे रूपकही निराळे दिसू लागते. समाज पाहणे आणि समाज लिहिणे ही दोन कामे आहेत. पाहण्याच्या काळात आरसा उपयोगी असतो. लिहिण्याचा क्षण आला की तो उठतो आणि तेथून पुढे लेखकाची प्रतिमा सुरू होते. कादंबरीला समाजाचा आरसा म्हणून आपण तिच्या लेखकाची निवड झाकून टाकतो, आणि मग त्या निवडीला प्रश्न विचारण्याचा आपला हक्कही जातो. विद्यार्थ्याने हे वाक्य लिहिलेच, तर त्याला 'आरसा कोणी धरला होता आणि तो कधी उठला' असे विचारावे.

छायाचित्रांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर साखर कारखान्याची, विमानतळाला अडथळा ठरलेली उंच चिमणी पाडण्यात आली. काही क्षणांत ती जमिनीवर आली. त्या क्षणांची जी छायाचित्रे पुढच्या पिढ्या पाहतील, ती आरशाच्या कॅमेऱ्याने घेतली की मोबाइलने, हे त्यांना चित्रावरून कळणार नाही. नान्नजच्या माळढोकाचेही तसेच. उद्या हा पक्षी या माळावर उरला नाही, तर छायाचित्रे हाच त्याचा पुरावा असेल. आणि आज यंत्राला शब्दांत सांगून न घडलेले दृश्यही हुबेहूब बनवता येते. छायाचित्राचा उगम त्याच्यासोबतच डिजिटल रीतीने नोंदवण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. २०२३ च्या लायका एम ११-पी मध्ये अशी सोय कॅमेऱ्यातच आली. ते उपयुक्त आहे, पण पुरेसे नाही. कॅमेरा कोणत्या यंत्राने, कधी, एवढे सांगेल. का, कोणासमोर आणि काय वगळून, हे सांगणार नाही.

ते शब्दांनाच सांगावे लागेल. म्हणून विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही एक साधी वही ठेवली आहे. प्रत्येक छायाचित्रामागे तीत चार ओळी लिहायच्या: स्थळ आणि वेळ; तुम्ही कोठे उभे होता; नुसत्या डोळ्यांनी काय पाहिलेत; आणि चौकटीबाहेर काय राहिले. तिसऱ्या ओळीपाशी विद्यार्थी अडखळतात. पडद्यात पाहण्याच्या नादात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे राहून गेलेले असते. मग ते कॅमेरा खाली घेतात आणि पुन्हा पाहतात. इतके झाले, तरी वहीने आपले काम केले असे आम्ही समजतो.